मंडळाच्या भांड्यांची वही संगणकावर: डेटाबेसची फाईल बनवायची आणि सांभाळायची कशी

तुळशीचं लग्न झालं की आमच्या मंडळाची भांडी खोलीत टिकत नाहीत. काहिली, पातेली, पराती, ओगराळी, झारे, बादल्या, पेले, जाजमं. आज बेळगावजवळच्या हलग्याला, परवा येळ्ळूरला, मध्येच गावात कुणाच्या बाराव्याला. एखाद्या गावची लक्ष्मीची जत्रा आली तर विचारूच नका. एकाच दिवशी घराघरांत पाहुणे आणि काहिलीसाठी चार माणसं दारात उभी. हा सगळा हिशेब अण्णांच्या वहीत असायचा. अण्णा म्हणजे आमचे खजिनदार. वही चोख होती, अक्षर मोत्यासारखं. पण "अरे, १४ पराती कुठं अडकल्यात, बघ की जरा" असं कुणी म्हटलं की मागची साठ पानं उलटत बसायचं.

ती वही मी संगणकावर नेली. करताना जे जे चुकलं ते नव्या माणसाचं चुकू नये म्हणून हे लिहितोय. तुमच्याकडे भांड्यांऐवजी वाचनालयाची पुस्तकं असतील, भिशी असेल, दुकानाची उधारी असेल, रीत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. टेबल (माहितीचा तक्ता), फॉर्म (ती भरायचं पान), क्वेरी (तिच्यातून उत्तर काढायचा प्रश्न) हे सगळं चार संध्याकाळी बसलात की जमतं. मला खरा त्रास दिला तो फाईलनं. वही एकच असते आणि एका वेळी एकाच्याच हातात असते. फाईलला या दोन सवयी आपल्याला लावाव्या लागतात. म्हणून खाली टेबलांपेक्षा फाईलवरच जास्त बोललोय.

कुठलं सॉफ्टवेअर

मी लिबरऑफिस बेस वापरतो. फुकट आहे, विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही. मंडळाचा संगणक कुणीतरी देणगी म्हणून दिलेला, जुना, त्यावरही निभावतं. दुसरा पर्याय मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस. तो जास्त गुळगुळीत आहे, पण फक्त विंडोजवर चालतो आणि ऑफिसच्या ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्तीत मिळत नाही. तुमच्याकडे आधीच असेल तर खुशाल वापरा. जिथं दोघांत फरक आहे तिथं मी सांगत जाईन.

एक्सेलमध्येच का नाही, हा प्रश्न मलाही सगळ्यांनी विचारला. उत्तर एका पावतीत आहे. समजा पावती ११८: कंग्राळीचे पाटील, काहील २, परात १०, बादली ६, ओगराळं ४. एक्सेलमध्ये हे लिहायचं तर एकतर पाटलांचं नाव-गाव-फोन चार ओळींत चारदा लिहा, नाहीतर आडवे कॉलम वाढवत न्या. चारदा लिहिलं की एकदा तरी चुकतं. डेटाबेसमध्ये पावती एकदाच लिहायची आणि तिच्याखाली वस्तूंच्या चार ओळी. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

आधी कागद घ्या

संगणक सुरू करण्याआधी कागदावर चौकोन काढा. आमचे पाच झाले.

गावे: क्रमांक, नाव.
माणसे: क्रमांक, नाव, गावाचा क्रमांक, फोन.
वस्तू: क्रमांक, नाव, मंडळाकडे एकूण नग किती, एका नगाचं भाडं.
पावत्या: क्रमांक, पावती पुस्तकातला नंबर, माणसाचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणायची तारीख, अनामत.
तपशील: क्रमांक, पावतीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, नेलेले नग, परत आलेले नग.

गावांना वेगळा चौकोन कशाला, असं वाटेल. आपल्या भागात तर तो हवाच. कंग्राळी बी.के. आणि कंग्राळी के.एच. ही दोन वेगळी गावं. कुणी बुद्रुक-खुर्द लिहितं, कुणी नुसतंच कंग्राळी. शहराचं म्हणाल तर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, आपल्या तोंडात बेळगाव, जुन्या माणसांच्या हातून अनुस्वारासकट बेळगांव. आपल्याला तिन्ही एकच, पण संगणकाला ही तीन वेगळी गावं. शोधायला गेलात तर एक तृतीयांशच माणसं सापडतील. गाव एकदाच नोंदवायचं आणि पुढे यादीतून निवडायचं, म्हणजे हा घोळच राहत नाही.

पावती पुस्तकातला छापील नंबर आणि संगणकाचा आपोआप पडणारा क्रमांक हे दोन वेगळे ठेवा. छापील पान फाटतं, रद्द होतं, नवं पुस्तक पुन्हा १ पासून सुरू होतं. संगणकाचा क्रमांक बिनबोभाट वाढत जातो. मी पहिल्यांदा दोन्ही एकच धरले होते. पंधरा दिवसांत संगणकाचा क्रमांक कागदाच्या दोन पावलं पुढे गेला.

फाईल तयार करणे

राइटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या पत्रं लिहायच्या भागात, आधी लिहितो आणि मग सेव्ह करतो. बेसमध्ये उलटं आहे: फाईलला नाव आणि जागा दिल्याशिवाय तो आत घेतच नाही. अ‍ॅक्सेसचीही हीच तऱ्हा. ‘ब्लँक डेटाबेस’ म्हटलं की तो लगेच नाव मागतो, आणि न देता पुढे गेलात तर ‘डेटाबेस१’ नावाची फाईल डॉक्युमेंट्समध्ये पडते. वर्षभरानं अशा तीन फायली सापडतात आणि कुठल्या फाईलमध्ये काय आहे ते कुणालाच आठवत नाही.

म्हणून पहिलं काम फोल्डरचं. डेस्कटॉपवर नको, डाउनलोड्समध्ये तर मुळीच नको. मी डी ड्राइव्हवर ‘मंडळ’ नावाचा एक फोल्डर केला, त्यात ‘बॅकअप’ नावाचा दुसरा. बस्स.

आता बेस उघडा. विझार्ड येईल, म्हणजे एकेक पायरी विचारत नेणारी खिडकी. पहिल्या पानावर ‘क्रिएट अ न्यू डेटाबेस’ निवडा. खाली ‘एम्बेडेड डेटाबेस’ असं लिहिलेलं असतं, तिथं एचएसक्यूएलडीबी (फाईलच्या आतच राहणारा डेटाबेसचा प्रकार) राहू द्या. यासाठी संगणकावर जावा लागतं. नसेल तर ‘जावा रनटाइम एन्व्हायर्नमेंट’ हवं असा संदेश येतो. ते आधी बसवून घ्या. लिबरऑफिस ६४ बिटचं असेल तर जावाही ६४ बिटचंच हवं. माझी पहिली अख्खी संध्याकाळ याच एका गोष्टीत गेली.

दुसऱ्या पानावर दोन प्रश्न. डेटाबेस रजिस्टर करायचा का? हो म्हणा. रजिस्टर म्हणजे कुठल्या सरकारी कचेरीत नोंद नव्हे. आपल्याच लिबरऑफिसला ही फाईल कुठं आहे ते सांगून ठेवणं. त्यामुळे पुढे राइटरमध्ये पत्रं काढताना किंवा कॅल्कमध्ये हिशेब करताना ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘डेटा सोर्सेस’मधून ही नावं थेट ओढता येतात. दुसरा प्रश्न, फाईल सेव्ह झाल्यावर काय करायचं. ‘ओपन द डेटाबेस फॉर एडिटिंग’ राहू द्या, टेबल विझार्डची खूण असेल तर काढून टाका. त्या विझार्डमधली नमुन्याची टेबलं परदेशी कंपन्यांच्या हिशेबाची आहेत, ओगराळी त्यात बसत नाहीत.

‘फिनिश’ दाबलं की नाव विचारेल. नाव इंग्रजी अक्षरांत, आखूड, मध्ये जागा न सोडता द्या. देवनागरी नावही चालतं, पण पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याच्या जुन्या संगणकावर गेल्यावर कधी कधी चौकोन दिसतात. नावात तारीख घालू नका, ‘नवीन’ घालू नका आणि ‘फायनल’ तर कदापि नको. कारण पुढे येईलच.

तयार झालेल्या फाईलच्या शेवटी ‘ओडीबी’ असतं. अ‍ॅक्सेसच्या फाईलला ‘एसीसीडीबी’, आणि २००७ च्या आधीच्या जुन्या फाईलला ‘एमडीबी’. ओडीबी ही आतून झिप फाईल असते: टेबलं, फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट सगळं एकाच गाठोड्यात. सोय हीच आणि धोकाही हाच. गाठोडं गेलं की सगळंच गेलं.

टेबलं

डावीकडे चार चित्रं दिसतील: टेबल्स, क्वेरीज, फॉर्म्स, रिपोर्ट्स. टेबल्सवर क्लिक करा आणि ‘क्रिएट टेबल इन डिझाइन व्ह्यू’ घ्या. कागदावरचा एकेक चौकोन इथं उतरवायचा: डावीकडे रकान्याचं नाव, शेजारी प्रकार.

क्रमांकासाठी ‘इंटिजर’, आणि खाली ‘ऑटो व्हॅल्यू’ला ‘येस’. मग त्या ओळीच्या डाव्या टोकाला उजवं क्लिक करून ‘प्रायमरी की’, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख. हे दोन्ही टेबल सेव्ह करण्याआधीच करा. नंतर बदलायला गेलं तर बेस फार हट्ट करतो. प्रायमरी की न देता टेबल बनवलंत तर ते दिसतं छान, पण त्यात एक अक्षर भरता येत नाही. नवी माणसं इथं तास तास अडकतात. त्यांना वाटतं कीबोर्डच बिघडलाय.

नावांना ‘टेक्स्ट’. पैशाला ‘डेसिमल’, दोन दशांश स्थळांसह. फोन नंबरलाही टेक्स्टच, नंबर नाही. फोनची बेरीज करायची नसते, आणि पुढचा शून्य आकड्यात उडून जातो. ‘नेलेले’ आणि ‘परत’ या दोन रकान्यांत ‘एंट्री रिक्वायर्ड’ला ‘येस’ करा आणि ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ ० द्या. हे आत्ता बारीक वाटेल, क्वेरीच्या वेळी आठवण येईल.

टेबलांची आणि रकान्यांची नावं मी इंग्रजी अक्षरांतच ठेवली. मराठीत चालत नाहीत असं नाही. पण कधी हातानं एसक्यूएल (डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा) लिहायची वेळ आली की सारखा कळफलक बदलत बसावं लागतं. रोजच्या माणसाला टेबल दिसतच नाही, फॉर्म दिसतो. तिथं मराठी लेबलं लावा. आतली माहिती मात्र सरळ युनिकोड मराठीत, म्हणजे ठरावीक फाँटवर न अडणाऱ्या मराठीत. एकाच रकान्यात कुणाचं नाव मराठीत आणि कुणाचं कन्नडमध्ये असलं तरी काही बिघडत नाही. आमच्याकडे दोन्ही आहेत. जो माणूस जसा सही करतो तसं लिहितो. विंडोज की आणि स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो.

तारखेचा सापळा सगळ्यांत वाईट. लिबरऑफिस बसवताना बहुतेक वेळा भाषा अमेरिकेची इंग्रजी होते. मग तुम्ही ५/३ लिहिलंत की तो ५ मार्च न धरता ३ मे धरतो आणि काही बोलत नाही. १३/३ लिहिलं तर मात्र अडतो. त्यामुळे अर्ध्या तारखा बरोबर, अर्ध्या उलट्या. ‘टूल्स’मध्ये ‘ऑप्शन्स’, त्यात भाषेच्या भागात ‘लोकेल’ आहे. तिथं ‘इंग्लिश, इंडिया’ करा. हे पहिली नोंद करण्याआधीच करा.

पाचही टेबलं झाली की ‘टूल्स’मधून ‘रिलेशनशिप्स’ उघडा, पाचही आत घ्या, आणि गावाचा क्रमांक माउसनं ओढून माणसांच्या टेबलातल्या गावाच्या क्रमांकावर सोडा. रेघ उमटते. तसंच बाकीच्यांचं. या रेघांचा उपयोग असा की ज्या परातीची पावती फाडलेली आहे ती परात यादीतून कुणाला चुकून खोडता येत नाही.

जुनी यादी आत आणायची असेल तर

एक्सेल किंवा कॅल्कमध्ये यादी तयार असेल तर पुन्हा टाइप करू नका. मथळ्यासकट निवडून कॉपी करा, बेसमध्ये ‘टेबल्स’च्या भागात येऊन पेस्ट करा. ‘डेफिनिशन अँड डेटा’ निवडा, पहिली ओळ ही रकान्यांची नावं आहेत अशी खूण करा आणि प्रायमरी कीची खूण विसरू नका.

पण आधी ती यादी कशात टाइप केलीय ते बघा. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांतून आलेल्या याद्या बहुतेक युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये असतात. फाँट आहे तोवर मराठी दिसतं. बेसमध्ये आणलं की इंग्रजी अक्षरांचा काला. ती आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढायची आणि मग डोळ्यांनी तपासायची. जोडाक्षरं आणि रफार हमखास फसतात. आमची २०० नावांची यादी होती, मी सरळ पुन्हा टाइप केली. तेवढ्यात गावातल्या निम्म्या लोकांचे बदललेले फोन नंबरही कळले.

फॉर्म

‘यूज विझार्ड टू क्रिएट फॉर्म’. पावत्यांचं टेबल निवडा, पुढच्या पायरीवर ‘अ‍ॅड सबफॉर्म’ला खूण करून ‘तपशील’ निवडा. मघाशी रेघा ओढल्या असतील तर दोघांचं नातं विझार्ड आपणच ओळखतो. वर पावती, खाली वस्तूंच्या ओळी: पावती पुस्तकाचंच पान झालं.

फक्त माणसाच्या जागी नुसता क्रमांक दिसतो, आणि अण्णांना ‘४७’ म्हणजे कोण ते कळणार नाही. फॉर्म दुरुस्तीसाठी उघडा. कंट्रोल की धरून त्या चौकटीवर क्लिक करा. कंट्रोल न धरता केलं तर लेबल आणि चौकट जोडीनं निवडली जातात. उजवं क्लिक, ‘रिप्लेस विथ’, ‘लिस्ट बॉक्स’. मग त्याच्या गुणधर्मांत ‘डेटा’च्या पानावर यादीचा प्रकार ‘एसक्यूएल’ करा आणि खाली असं एक वाक्य लिहा ज्यात आधी नाव आणि मग क्रमांक निवडला जाईल. ‘बाउंड फील्ड’मध्ये १ लिहा. मोजणी ० पासून असते: ० म्हणजे दिसणारं नाव, १ म्हणजे साठवला जाणारा क्रमांक. इथं ० ठेवलंत तर क्रमांकाच्या जागी नाव कोंबायला बघतो आणि चूक दाखवतो.

रिपोर्टचं फार सांगत नाही. विझार्ड आहे, हवे ते रकाने निवडा, छापा. आम्ही पावती अजून छापील पुस्तकातच फाडतो.

बाकी कुणाकडे

ज्यासाठी हे सगळं केलं ती क्वेरी. ‘क्रिएट क्वेरी इन डिझाइन व्ह्यू’, त्यात तपशील, पावत्या, माणसे, वस्तू ही टेबलं घ्या. माणसाचं नाव, वस्तूचं नाव आणि एक नवा रकाना: नेलेले वजा परत. त्याच्या अटीत ‘० पेक्षा मोठं’. चालवा.

मी पहिल्यांदा चालवली तेव्हा एकही ओळ आली नाही. खोलीत तर १४ पराती कमी होत्या. कारण भांडी परत आल्यावरच ‘परत’चा रकाना भरायचा, तोवर रिकामा, असं मी केलं होतं. डेटाबेसमध्ये रिकामा म्हणजे शून्य नव्हे. रिकामा म्हणजे ‘माहीत नाही’. १० वजा माहीत नाही, बरोबर माहीत नाही. आणि जे माहीत नाही ते ० पेक्षा मोठं आहे असं तो म्हणत नाही. त्यासाठीच वर ० ची भानगड सांगितली. जुन्या ओळींत ० भरले आणि यादी आली. सगळ्यांत वर अण्णांचंच नाव: धाकट्या मुलीच्या लग्नाला नेलेल्या ९ पराती, त्यांच्याच अक्षरातल्या नोंदीवरून.

सेव्ह दोनदा करायचं असतं

आता फाईल सांभाळण्याकडे येतो.

खानापूरकडच्या आडव्या पावसाची झड आमच्यापर्यंत येते आणि पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. श्रावणात एका दुपारी मी जुन्या वहीतल्या ३२ पावत्या ओळीनं भरल्या. प्रत्येक ओळ भरून पुढच्या ओळीवर गेलो की कडेची पेन्सिलची खूण जाते, म्हणजे नोंद झाली, असं मला वाटत होतं. साडेचारला लाईट गेली. आली तेव्हा ३२ मधली एकही पावती नव्हती.

पेन्सिल गेली म्हणजे ओळ डेटाबेसला पोचली. पण बेसच्या या प्रकारात डेटाबेस काम करत असतो तात्पुरत्या जागेत; ओडीबीच्या गाठोड्यात ते परत बांधलं जातं ते सेव्ह केल्यावर किंवा नीट बंद केल्यावर. फॉर्मच्या खिडकीत कंट्रोल एस दाबून भागत नाही, तिथं फॉर्मची आखणी सेव्ह होते. मुख्य खिडकीवर, जिथं टेबल्स-क्वेरीज दिसतात तिथं यायचं आणि कंट्रोल एस करायचं. मी आता दर पाच पावत्यांनी करतो. अ‍ॅक्सेसमध्ये ही कटकट नाही. तिथं ओळ सोडली की ती थेट फाईलमध्येच लिहिली जाते.

लाईट गेल्यानंतर दुसरा एक प्रकार होतो. फाईल उघडायला गेलं की ‘कुणीतरी वापरत आहे’ असं म्हणतो. फाईल उघडी असताना लिबरऑफिस शेजारी एक लपलेली ‘लॉक’ फाईल ठेवतं आणि बंद करताना पुसतं. लाईट गेली की पुसायची राहते. दुसऱ्या कुठल्या संगणकावर ती फाईल खरंच उघडी नाही ना याची खात्री करा आणि मग निःशंक उघडा. अ‍ॅक्सेसची अशी फाईल ‘एलएसीसीडीबी’ नावानं शेजारी दिसते. कुणी काम करत असताना ती दिसली तर हात लावू नका.

एकच फाईल

हा आमचा सगळ्यांत मोठा घोटाळा. दिवाळीनंतर मला दोन दिवस कोल्हापूरला जायचं होतं. मंडळातल्या एका पोरानं सांगितलं, "दादा, मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा फाईल, मी घरी भरतो." पाठवली. त्यानं डाउनलोड्समधून उघडली आणि सात पावत्या भरल्या. इकडे मंडळाच्या संगणकावर अण्णांनी दुसऱ्याकडून पाच भरून घेतल्या. मी परत आलो तर पोरानं त्याची फाईल पाठवली, ती माझ्याकडे कंसात १ लागून उतरली. आता दोन फायली, दोन्ही खऱ्या, दोन्हींत पावती ११८, आणि दोन्ही ११८ वेगवेगळ्या माणसांच्या. बेसमध्ये दोन फायली आपोआप जुळवायचं बटण नाही. रात्री साडेदहापर्यंत दोघं समोरासमोर बसलो, एक वाचतोय, दुसरा भरतोय.

तेव्हापासून नियम केला. काम करायची फाईल एकच, मंडळाच्या संगणकावर, त्याच फोल्डरमध्ये. ती कुणाला पाठवायची नाही. ज्याला भरायचं आहे त्यानं खोलीवर यावं. घरी बसून भरायचंच असेल तर कागदावर लिहून आणावं. पेन ड्राइव्हवरून थेट उघडून काम करायचं नाही. मध्येच कुणी ओढून काढला तर गाठोडं अर्धवट बांधलेलं राहतं. ढगातल्या (इंटरनेटवरच्या) फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी दोन ठिकाणी एकाच वेळी उघडणं हाही तोच घोटाळा. अ‍ॅक्सेसवाल्यांनाही हे तितकंच लागू. खरोखर दोन-तीन जणांना एकदम काम करायचं असेल तर अ‍ॅक्सेसमध्ये ‘स्प्लिट डेटाबेस’ची सोय आहे: माहितीची फाईल एका सामायिक फोल्डरमध्ये, फॉर्मची फाईल प्रत्येकाकडे, सगळे एकाच नेटवर्कवर. भांड्यांच्या हिशेबाला एवढं लागत नाही.

फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलीत तर मघाची नोंदणी जुनाच पत्ता धरून बसते. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लिबरऑफिस बेस’, ‘डेटाबेसेस’ इथं जाऊन नवा पत्ता द्या.

बॅकअप

बॅकअप घेताना बेस पूर्ण बंद करा. उघड्या फाईलची प्रत म्हणजे सेव्ह न झालेल्या माहितीशिवायची प्रत. मग फाईल ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये कॉपी करा आणि फक्त तिथंच नावापुढे तारीख लावा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, २०२५-०१-१८ अशी. नावानं रांग लावली की ती तारखेनंही लागते. दिवस आधी लिहिलात तर १ जानेवारी आणि १ जून शेजारी बसतात. अ‍ॅक्सेसमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’खाली ‘बॅक अप डेटाबेस’ आहे, तो तारीख स्वतःच लावतो.

महिन्यातून एकदा ती प्रत पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह अण्णांच्या कपाटात, मंडळाच्या खोलीत नाही. खोली गळते. आणि वर्षातून एकदा जुनी प्रत उघडून बघा, खरंच उघडते का. बॅकअपमधली फाईल बघायची, तिच्यात भरायचं नाही. भरलं की पुन्हा दोन फायली.

बरीच खाडाखोड झाली की फाईल उगाच फुगते, कारण खोडलेल्याची जागा लगेच मोकळी होत नाही. बॅकअप घेऊन मग ‘टूल्स’मध्ये ‘एसक्यूएल’ उघडा, इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘चेकपॉइंट डीफ्रॅग’ लिहून चालवा आणि सेव्ह करा. अ‍ॅक्सेसमध्ये त्यालाच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ म्हणतात. तिथं ते अधूनमधून करायलाच हवं, कारण अ‍ॅक्सेसच्या फाईलला २ जीबीची मर्यादा आहे. भांडी लिहून २ जीबी होत नाहीत, पण कुणी प्रत्येक पातेल्याचा फोटो आत घातला तर होतील.

नवं वर्ष, नवे खजिनदार

पाडव्याला नवी वही घालायची आपली सवय. डेटाबेसला ती लावू नका. दरवर्षी नवी फाईल केली तर गेल्या वर्षी अडकलेली परात जुन्याच फाईलमध्ये राहते आणि नव्या यादीत दिसत नाही. फाईल तीच चालू ठेवा, वर्ष बघायचं असेल तर क्वेरीत तारखेची अट घाला.

खजिनदार बदलले की नव्या माणसाच्या हातात काय द्यायचं ते एका कागदावर लिहून तो कागद पावती पुस्तकाच्या आत चिकटवलाय: फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, बॅकअपचा पेन ड्राइव्ह कुणाकडे, विंडोजचा पासवर्ड कुणाला माहीत आहे, मुख्य खिडकीत कंट्रोल एस. आत लोकांचे फोन नंबर आहेत, म्हणून संगणकाला पासवर्ड ठेवलाच आहे. अण्णांनी त्या कागदाच्या खाली पेनानं एक ओळ वाढवली: ‘पराती मोजून घेणे.’